बिनबिल्ल्याचा ड्रमसेट

माझे वडील आणि माझे सासरे यांचं कधीच भांडण झालं नव्हतं, कारण भांडायचं तर आधी बोलावं लागतं. आमचं लग्न ठरवायला दोन्ही घरची माणसं ओमिया शहरातल्या एका हॉटेलात जेवायला बसली होती, तेव्हा मामंजींनी सहज विचारलं, "तरुणपणी कुठे होतात कामाला?"

"हाकुओत. ड्रम बनवायचो," बाबा म्हणाले.

मामंजींच्या चॉपस्टिकमधला माशाचा तुकडा वाटीत परत पडला. "मी तेनरिनमध्ये होतो," ते म्हणाले. त्यानंतर दोघं कितीदा भेटले असतील, पण हवापाण्यापलीकडे गाडी गेली नाही.

हाकुओ आणि तेनरिन हे आमच्या आराकावा नदीच्या दोन काठांवरचे ड्रमचे कारखाने. साठच्या दशकात पोराटोरांना बँडचं वेड लागलं, तेव्हा दोन्हीकडे रात्रपाळ्या चालायच्या. बोटी भरभरून माल परदेशी जायचा आणि त्यावर तिकडच्या दुकानदारांची नावं लागायची. वेड ओसरलं, कारखाने बंद पडले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायला लागले, मामंजी कपाटं बनवायला. अभिमान मात्र दोघांनी घरी नेला होता. बाबांच्या लेखी तेनरिन म्हणजे डबे बनवणारे लोक, आणि मामंजींच्या लेखी हाकुओ म्हणजे घाईचं काम.

आणि माझ्या नवऱ्याने, तोमोयाने, एक जुना ड्रमसेट घरी आणला.

अतामीच्या समुद्रकाठी एक जुनं हॉटेल बंद होत होतं. त्याच्या नाचाच्या हॉलमधला हा सेट, लाल, आत चांदीचा भुगा मिसळल्यासारखा चमकणारा. आमच्या बाजारपेठेच्या शरदातल्या जत्रेत तोमोया, खाटीक ओगुरासान आणि दाताचे डॉक्टर मिळून वाजवणार होते, त्यासाठी त्याने तो घेतला. ड्रमवर बनवणाऱ्याचा बिल्ला असतो, तो निघून गेला होता. उरला होता फक्त एक फिकट लंबगोल डाग. बिल्ला तर दोन्ही कारखान्यांचा लंबगोलच.

"दोन तज्ज्ञ घरात असताना बाहेर कशाला विचारायचं?" असं म्हणून तोमोयाने दोघांनाही रविवारी जेवायला बोलावलं. मी त्याला म्हटलं होतं, नको.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, मोठ्या ड्रमला एक फेरी मारली आणि एका जागी बोट ठेवलं. ड्रमच्या अंगावर ताणायचे स्क्रू बसवायला चकचकीत धातूच्या डब्या असतात, त्यातली एक किंचित वाकडी होती. "हे असलं आमच्या फाटकाबाहेर गेलंच नसतं," ते म्हणाले. "ओरिहारासान, हा तुमचा."

"आमचा?" मामंजी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी लाल वेष्टनाच्या सांध्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. "ऐकलंत? आमच्या कारखान्यातल्या मुलींनी घातलेला सांधा शोधायला दिवस गेला असता. सुगायासान, हा तुमचाच. सांभाळा."

"दिसायलाच तेनरिन आहे."

"मला तर इथून हाकुओचा वास येतोय."

सासूबाई फुसाए स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "वास माशाचा आहे. जेवायला बसा."

वाद जास्त चिघळू नये म्हणून तोमोया ड्रममागे बसला आणि वाजवू लागला. मला संगीतातलं फार कळत नाही, पण तो आवाज मला पोटात ऐकू आला. मोठा ड्रम दारावर कुणीतरी मऊ हाताने थाप मारावी तसा बोलायचा, आणि छोटे ड्रम उबदार, गोल, जणू लाकूडच गुणगुणतंय. तो थांबला तसे दोघंही ड्रमच्या जवळ सरकले.

बाबांनी घसा खाकरला. "त्या डबीकडे जरा परत बघू दे. घडण ओळखीची वाटतेय. आमच्या कावागुचीच्या ओतशाळेतली असणार."

"डबी राहू द्या," मामंजी म्हणाले. "आवाज लाकडाचा असतो. आणि हे लाकूड तेनरिनचं आहे."

"मगाशी पोराला कुणी घेईना," सासूबाई म्हणाल्या, "आणि आता दोन-दोन बाप."

पुढच्या रविवारी दोघं बोलावणं नसताना आले. बाबांकडे हत्यारांची पेटी, मामंजींकडे भिंग आणि विजेरी. मी चटईवर जुन्या चादरी पसरल्या आणि सेट खोलायला सुरुवात झाली.

पहिली डबी बाबांनी उघडली. आत स्प्रिंग असते, ती खुळखुळू नये म्हणून प्रत्येक कारखाना काहीतरी कोंबायचा. या डबीतून हिरव्या जाड कापडाचा तुकडा निघाला. बाबांचा चेहरा असा फुलला की मला त्यांचा तरुणपणीचा फोटो आठवला. "बिलियर्डच्या टेबलाचं कापड. आमच्या शेजारी टेबलं बनवायचे, त्यांची कात्रणं आम्ही आणायचो. हाकुओ. संपला विषय."

"थांबा." मामंजींनी उघड्या ड्रममध्ये डोकं घातलं होतं, त्यामुळे त्यांचा आवाज घुमत येत होता. "आतल्या काठाची पट्टी बघा. सांधा तिरका कापलाय. तुम्ही सरळ कापायचात, हे मला माहीत आहे. तिरका फक्त आम्ही. हा सांधा मी झोपेतही ओळखेन."

बाबांनीही त्याच ड्रममध्ये डोकं घातलं. दोन टकलं, एक विजेरी. बराच वेळ आतून नुसती कुजबुज आली. मग त्यांनी सगळे ड्रम तपासले. प्रत्येकाचं लाकूड तेनरिनचं आणि प्रत्येकाचा धातू हाकुओचा.

"अतामीवाल्यांनी जोडजाड केली असेल," तोमोया म्हणाला.

"छे. छिद्रं कारखान्यातलीच आहेत, एकदाच पाडलेली," बाबा म्हणाले आणि त्यांनी चहाचा पेला उचलला. चहा संपता संपता त्यांनी मान वर केली. "आमची लाकूड वाळवायची भट्टी एका हिवाळ्यात जळाली होती. त्यानंतर वसंत येईपर्यंत तयार लाकडी ड्रम बाहेरून यायचे. ट्रकवर नाव नाही, काही नाही. शिझुओकाहून येतात असं आम्हाला सांगितलं होतं."

मामंजींनी भिंग खाली ठेवलं. "त्याच हिवाळ्यात आम्ही कोरे ड्रम बनवून देत होतो. ना वेष्टन, ना बिल्ला. नागोयाच्या कुठल्याशा खेळणीवाल्यांसाठी म्हणे. आम्ही चिडून म्हणायचो, इतकं चांगलं काम खेळण्यांवर कशाला वाया घालवायचं."

दोघं एकमेकांकडे वळले.

"म्हणजे खेळणीवाले तुम्ही," मामंजी म्हणाले.

"आणि शिझुओका तुम्ही."

आधी मामंजी हसायला लागले. ते हसले की आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात. बाबा मोठ्याने हसतात. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या, काय झालं विचारू लागल्या, आणि कुणालाच धड सांगता येईना. दोन मालकांनी गुपचूप हातमिळवणी केली होती आणि कामगार बिचारे नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांना नावं ठेवत बसले होते.

हसणं ओसरल्यावर बाबांनी पट्टी घेऊन ती वाकडी डबी मोजली. "छिद्रच चुकलंय," ते म्हणाले. "आमचं. कदाचित माझंच, मी छिद्रांवरच होतो."

"आत एका ठिकाणी डिंकाचा गोळा राहिलाय," मामंजी लगेच म्हणाले. "तो आमचा. तुम्हाला दिसला नव्हता, म्हणून मी बोललो नव्हतो."

"दिसला होता की, व्याही. म्हटलं, कशाला बोला."

सेट जोडायला पुढचे कितीतरी रविवार गेले, कारण दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत होईना. मामंजींनी लाल सांधा उकलून असा बसवला की नख सरळ घसरून जाई. तोमोयाला वाजवायला मिळण्याआधी दोघंच टिचक्या मारून बघत आणि कातडं एक आटा घट्ट की सैल यावर तास घालवत. ती वाकडी डबी मात्र तशीच ठेवायची, असं मामंजींनी हट्टाने ठरवलं. बाबा नाही म्हणत होते, पण मनातून त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं.

जत्रेच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. ओगुरासान गिटारवर दोनदा चुकले, दातांचे डॉक्टर गाताना शब्द विसरले, पण ड्रमने सगळ्यांना सांभाळून नेलं. तळलेल्या नूडल्सच्या दुकानापुढची रांग मोडली आणि लोक नाचायला लागले. व्याही-व्याही अगदी पुढे उभे होते, हातात बियर, आणि प्रत्येक गाण्यानंतर तोमोयाला काहीतरी खुणा करत होते. एकाची खूण घट्ट कर, दुसऱ्याची सैल कर. तोमोयाने दोघांनाही मान डोलावली आणि काहीच केलं नाही.

गाणी संपल्यावर शेजारच्या वाराबीचा एक न्हावी त्यांच्याकडे आला. त्याच्या माळ्यावर एक निळा सेट पडून होता, त्यालाही बिल्ला नव्हता. कुणाचा असेल, हे सांगणारं कुणी भेटत नव्हतं.

आता तो निळा सेट आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. काल संध्याकाळी मी आत डोकावले तर दोघं चटईवर पालथे पडून विजेरीच्या उजेडात आतला काठ बघत होते.

"हा ना तुमचा, ना आमचा," बाबा म्हणत होते.

"इतक्यात कसं सांगता? आधी त्या टोकाचा स्क्रू काढा."

"जेवायला काय करू?" मी विचारलं.

आतून स्क्रू फिरल्याचा आवाज आला. मी सोबा नूडल्ससाठी पाणी चढवलं, पाच जणांचं. तो न्हावीही जेवायला येणार होता.