दोरी नसलेली बर्फगाडी

मित्रांनो, मला चाकं नाहीत. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि मध्ये माणसानं बसावं अशी लांब गादी, एवढंच माझं रूप. बर्फ पडला की माझे दिवस सुरू होतात. बर्फ वितळला की मी ताडपत्रीखाली जाते. असे चौदा हिवाळे मी पाहिले. बर्फगाड्यांमध्ये हे वय म्हातारपणाचंच.

मला दोन माहेरं. माझा सांगाडा उत्तर मिनेसोटातल्या एका लहान कारखान्यात तयार झाला. इंजिन मात्र समुद्रापलीकडून लाकडी खोक्यात बसून आलं. दोन कंपन्यांनी तेव्हा भागीदारी केली होती. अंग एकीचं आणि काळीज दुसरीचं. माझ्या सांगाड्याचे रिव्हेट ज्यानं बसवले त्याचं नाव वेंडेल कोस्की. त्यानं तीस वर्षं तेच काम केलं होतं. नव्या जड इंजिनाला जागा करायला पुढचा भाग कापून पुन्हा जोडावा लागला, ते त्याला कधी पचलं नाही. 'हलक्या पोरीच्या गळ्यात धोंडा बांधला,' असं तो म्हणायचा.

आणि नशीब असं, की मला विकत घेतलं ते वेंडेलच्याच बालमित्रानं, हॉल्वरनं.

हॉल्वरनं मला जिवापाड जपलं. तळ्यावरून आलो की पट्ट्यात अडकलेला बर्फ तो लाकडी काठीनं काढायचा, सांध्यांना ग्रीस द्यायचा. उन्हाळ्यात माझं वजन पट्ट्यावर पडू नये म्हणून मला ठोकळ्यांवर चढवून ठेवायचा. त्याची मुलगी बेरित रुग्णालयात परिचारिका आहे. एकदा तीन दिवस वादळ चाललं, रस्ते बंद झाले, तेव्हा मीच तिला कामावर नेलं आणि आणलं. तेव्हा गावात माझं फार कौतुक झालं.

रविवारी चर्चहून परतताना वेंडेल आणि लायल हॉल्वरच्या शेडमध्ये कॉफीला थांबायचे. लायल बर्फावरच्या वाटा सारख्या करणारं यंत्र चालवायचा. कॉफीबरोबर वाद ठरलेला, आणि वाद बहुतेक माझ्यावरूनच.

"वळणावर हिचं नाक सरळ पळतं आणि ही मागनं विचार करत येते," वेंडेल म्हणायचा. "सांगाडा चांगला होता. तुमच्या त्या परदेशी इंजिनानं वाट लावली."

"परदेशी इंजिन एका बटणावर सुरू होतं," हॉल्वर म्हणायचा. "तुझी ती धुराडी सुरू करताना गेल्या वर्षी खांदा निखळला होता तुझा. विसरलास?"

"निखळू दे. दोरी माझ्या हातात असते. तुझी बॅटरी बसली की तू काय ओढशील? मिशा?"

"मिशा ओढल्या तर निदान हॉल्वर तरी सुरू होईल," लायल म्हणाला, आणि तिघंही हसले.

वेंडेलच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीला हातानं ओढायची दोरी आहे. मला ती नाही. माझं फोर-स्ट्रोक इंजिन फक्त बॅटरीवर जागं होतं.

पुढे भागीदारी मोडली. वेंडेलचा विभाग बंद पडला आणि त्याला घरी बसावं लागलं. माझी दोन्ही माहेरं मला विसरली, सुटे भाग मिळेनासे झाले. हॉल्वर कुठून कुठून जुने भाग शोधून आणायचा. बॅटरी मात्र त्यानं सात हिवाळे बदलली नाही. बेरित आठवण करून द्यायची. तो म्हणायचा, "एवढा हिवाळा काढेल ती."

मागच्या जानेवारीत हॉल्वर आणि वेंडेल मासे धरायला गोठलेल्या तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, बेटामागच्या झोपडीत गेले होते. तिथे फोन लागत नाही. त्या दिवशी थंडी शून्याखाली तीस होती. मासे दाखवणाऱ्या यंत्राचा सेल गारठून मेला, म्हणून हॉल्वरनं त्याची वायर माझ्या बॅटरीला जोडली.

"बॅटरीला नावं ठेवतोस, आणि तिचंच खातोस," तो वेंडेलला म्हणाला.

मी झोपडीच्या फळीला लागून उभी होते. आतलं सगळं मला ऐकू येत होतं. तीनच्या सुमाराला वेंडेलनं विचारलं, "बेरित चारला सूप घेऊन येणार होती ना?"

"कसली येते. वॉर्डात तापाची साथ आहे, तिला सुटका नाही," हॉल्वर म्हणाला. "आणि वारा सुटतोय. न आलेलीच बरी."

हे शब्द नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. ते ऐकणारे आम्ही दोघंच होतो, वेंडेल आणि मी.

मग नेहमीचा वाद निघाला. सांगाडा, इंजिन, भागीदारी. पण त्या दिवशी हॉल्वरच्या तोंडून नको ते गेलं. "भागीदारांनी हात झटकले ते उगाच नाही, वेंडेल. तुमचं कामच तसं होतं."

वेंडेलनं गळ गुंडाळला, बाहेर आला, एकदा दोरी ओढली आणि निघून गेला.

इथल्या लोकांचा एक नेम आहे. तळ्यावरून निघताना सगळ्यांची इंजिनं सुरू झाल्याशिवाय कुणी हलत नाही. तो कुठे लिहिलेला नाही आणि कुणाला शिकवावाही लागत नाही. वेंडेलनं साठ वर्षांत तो एकदाच मोडला.

थोड्या वेळानं हॉल्वर बाहेर आला. त्यानं बटण दाबलं. माझ्या आत एकदा 'टक' झालं आणि पुढे काही नाही. टाकी भरलेली होती. इंजिन धडधाकट होतं. फक्त पहिला धक्का द्यायला कुणी नव्हतं. त्यानं पुन्हा दाबलं, हातमोजा काढून बॅटरीवर तळवा ठेवला, पुन्हा दाबलं. मग तो माझ्या गादीवर बसला.

"वेंडेल येईल," तो मला म्हणाला. "राग उतरला की येईल."

शेगडीचा गॅस संपला होता, म्हणून झोपडीत जाण्यात अर्थ नव्हता. तो पाऊण तास बसला. मध्ये एकदा लांबून इंजिनाचा आवाज आला, तेव्हा तो उठून उभा राहिला. आवाज दुसरीकडे गेला. सूर्य बेटामागे उतरला, वारा वाढला. त्यानं माझ्या गादीवरचा बर्फ हातानं पुसला आणि तो चालू लागला.

बर्फगाडीला भोंगा नसतो. त्याला हाक मारायला माझ्याकडे काहीच नव्हतं. नाहीतर मी म्हटलं असतं, झोपडीच्या आडोशाला थांब, ते शोधायला येतील. मी त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

शोधायला निघालेल्या वेंडेल आणि लायलला तो सापडला, थंडीनं गेलेला, तेव्हा किनारा हाकेच्या अंतरावर होता. शेजारणींनी दुखवट्याच्या घरी हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जेवणाची, भांडी आणून दिली, चर्चमध्ये गाणी झाली. मला दोरानं ओढत आणून शेडमध्ये ठेवलं.

रविवारची कॉफी थांबली नाही. बेरित ती करायची, ते दोघे प्यायचे आणि पुन्हा माझ्यावरूनच बोलायचे. वेंडेल पूर्वीपेक्षा जास्त बोलायचा. इंजिनाचं तेल थंडीत घट्ट होतं, पुढचं वजन, तारांची जागा, सगळं तो बोलायचा. त्या दुपारबद्दल मात्र एकच सांगायचा, की 'मी आधी निघालो.' बेरित ऐकायची. ती काय मनात धरून बसली होती ते मला मार्चमध्ये कळलं.

"दोष भागीदारीचाच," त्या दिवशी लायल म्हणाला. "एकानं दोरी दिली नाही, दुसऱ्यानं दोरीला जागा ठेवली नाही. आणि आता विचारायला गेलं तर दोघंही गायब."

"दोष माझा आहे," बेरित शांतपणे म्हणाली. "बाबा लगेच चालू लागले असते तर वाऱ्याच्या आधी पोचले असते. तुम्हीच हिशेब केला होता ना, लायलकाका? ते माझी वाट बघत बसले. मी चारला येते म्हटलं होतं."

मला तेव्हा जे झालं ते सांगता येत नाही. माझ्यापाशी उत्तर होतं, शब्दन् शब्द होता. आणि मी ताडपत्रीखाली उभी होते.

वेंडेलनं कप खाली ठेवला.

"तो तुझी वाट बघत नव्हता."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तू येणार नाहीस हे त्याला ठाऊक होतं. तुला सुटका नाही म्हणाला. वारा सुटतोय, न आलेलीच बरी, म्हणाला." त्यानं टोपी काढली. "तो माझी वाट बघत होता. आम्ही भांडलो होतो, पोरी. त्याची गाडी सुरू होते का ते बघायला मी थांबलो नाही. किनाऱ्यावर आल्यावर एकदा वाटलं, परत जावं. मग वाटलं, बसू दे जरा."



"दोन महिने तुम्ही इथं येऊन कॉफी पिताय," बेरित म्हणाली.

"हो."

"रोज चार वाजले की माझे हात थांबतात, वेंडेलकाका. पेशंटच्या दंडात सुई असते आणि माझे हात थांबतात."

"ठाऊक आहे मला."

"नाही. ठाऊक असतं तर आधी बोलला असतात."

ती त्याला जा म्हणाली नाही. बस असंही म्हणाली नाही. वेंडेल टोपी हातात घेऊन उभा राहिला. बेरित खिडकीपाशी गेली आणि तिकडे तोंड करून रडली. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या, बॅटरी वेळेवर बदला, हे तर मी म्हणेनच. आमच्यावरून वादही खुशाल घाला. कुणाचा सांगाडा बरा, कुणाचं इंजिन बरं, हिवाळा लांब असतो, वेळ जातो. पण तुमच्या एका वाक्यानं कुणाच्या मनावरचा दगड उतरणार असेल, तर ते वाक्य पोटात घेऊन कॉफी पीत बसू नका. मीही दोन महिने गप्प होते. माझा इलाज नव्हता, मला तोंड नाही.