पाठांतराचं प्रकरण

प्रल्हादच्या डाव्या हातातला चमचा टोमॅटो सूपच्या अर्धा इंच वर थांबला होता. त्याला मीठ हवं होतं आणि ‘मीठ’ हा शब्द सापडत नव्हता.

“सॉल्ट, बाबा?” नऊ वर्षांच्या विनीताने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली, आणि मीठ घेतलं. हल्ली त्याची मान अशी उलटीच हलायची.

पक्षाघाताला सात आठवडे झाले होते. त्याची बायको सुमित्रा अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायची. प्रल्हाद अकरा वर्षं जर्मन चिद्वादातल्या, म्हणजे आयडियलिझममधल्या, स्मृतीच्या कल्पनेवर प्रबंध लिहीत होता. प्रबंध मागे घेणार की तोंडी परीक्षा देणार, हे विद्यापीठाला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. आज गुरुवार. तिने त्याला अजून विचारलंच नव्हतं.

शेवटचं प्रकरण पक्षाघाताच्या आधी तिनेच टाइप केलं होतं. अनुभव मनाच्या अंधाऱ्या विहिरीत बुडतात, पुढे त्यांना नावं मिळतात, आणि शेवटी उरतं नुसतं पाठांतर, अर्थ गळून पडलेले शब्द. विचार उगवतो तो तिथूनच, असं त्या जर्मन तत्त्वज्ञाचं म्हणणं.

“घोकंपट्टीवर पीएचडी! धन्य आहे तुमची,” ती तेव्हा हसली होती.

“आणि तुझं पिरिऑडिक टेबल गं?”

आज मोहनकाका आणि काकू जेवायला येणार होते. सुमित्रा ओट्यापाशी पुटपुटली, “तीन कप तांदूळ, दीडपट पाणी...”

“तीन दीडं साडेचार.”

ती वळली. प्रल्हाद खिडकीकडे बघत होता. “चार दीडं सहा, पाच दीडं साडेसात, सहा दीडं नऊ...” शाळेतला सूर, कुठेही अडखळ नाही. हातातला कप तिने खाली ठेवला नाही. आवाज झाला असता.

“वेट, दीडचं पण टेबल असतं?” विनीता कुजबुजली.

“श्श. ऐक.”

मेंदूचा फोटो तिने पाहिला होता. वाचा जिथून येते तिथे काळा डाग होता. मग हे कुठून येत होतं?

“दहा दीडं पंधरा.” तो थांबला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. चिडवतानाची ती नजर तिच्या ओळखीची होती.

सूर विरायच्या आत विचारायला हवं होतं.

“अहो, प्रबंध मागे घ्यायचा का?”

त्याचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. तिने एकही शब्द सुचवला नाही.

“मागे,” तो म्हणाला.

“मागे... नाही घ्यायचा.”