धाकटीचा आजार

दवाखान्यातला तो कॉरिडॉर तीस मीटरचा होता. दोन्ही टोकांना पिवळी पट्टी चिकटवलेली आणि मध्ये दर तीन मीटरवर एक काळी खूण. दर सहा महिन्यांनी धाकटी तपासणीसाठी त्या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायची आणि थोरली बाकावर बसून पिशवी सांभाळायची. पिशवीत पाण्याची बाटली, टॉवेल, फायली आणि धाकटीचा स्वेटर. अकरा वर्षांत पिशवीचे बंद दोनदा बदलले, पिशवी धरणारी मात्र तीच राहिली.

आजार वडिलांकडून आलेला. त्यात स्नायू हळूहळू झिजत जातात. आधी पाऊल उचलेनासं होतं, मग बोटांतली ताकद जाते. वडिलांना पस्तिशीत चाकाची खुर्ची लागली होती. धाकटी पंचविशीत सपाट जमिनीवर अडखळायला लागली, तेव्हाच आईने काय ते ओळखलं. थोरली आता चव्वेचाळीस वर्षांची होती आणि जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढत होती. त्यामुळे तिला कुणी कधी तपासलंच नाही. ज्याचं काही दुखत नाही त्याची चौकशी कोण करतो?

आता कुणी म्हणेल, आजारी बहिणीचा हेवा करते ती बाई आहे की कोण. खुशाल म्हणा. ज्यांच्या घरात बारा महिने कुणी आजारी नसतं, त्यांचं बोलायला काय जातं? थोरलीच्या पोटात दुखायचं हे खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. खिडकीजवळची खोली धाकटीला. आई तिला तळहातावरच्या फोडासारखी जपणार. थोरलीचं अपेंडिक्स काढलं तेव्हा आई दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात आली आणि उभ्या-उभ्याच म्हणाली, "लवकर घरी ये ग बाई. तू नाहीस तर तिचे फार हाल होतायत."

कॉरिडॉरमध्ये तर कहरच. तिथे गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेला एक माणूस असायचा. बहिणी आपसात त्याला घड्याळवाला म्हणायच्या. दर मिनिटाला तो म्हणायचा, "छान चाललंय. पाच मिनिटं राहिली. छान चाललंय. चार मिनिटं राहिली." ही वाक्यं त्याला ठरवून दिलेली होती, त्यापलीकडे एक अक्षर बोलायची त्याला मुभा नव्हती. सगळ्या पेशंटना सारखंच प्रोत्साहन मिळावं, म्हणून तो नियम. थोरलीला हे माहीत होतं, तरी तिचा जीव जळायचा. अकरा वर्षांत तिला कुणी ठरवून दिलेलंसुद्धा 'छान चाललंय' म्हटलं नव्हतं. एकदा बाकावर बसल्या-बसल्या तिने मनात म्हटलं होतं, मलाही का नाही झालं हे? मग स्वतःचीच लाज वाटून ती उगाच पिशवीतला टॉवेल पुन्हा घडी करत बसली.

अकराव्या वर्षी या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा तिच्याशी बोलल्या.

"तुमचं रक्त मिळेल का? तुलनेसाठी हवंय. घरातलं निरोगी माणूस म्हणून."

फॉर्मवर एक प्रश्न होता. तपासणीत तुमच्याबद्दल काही आढळलं, तर तुम्हाला सांगावं का? थोरलीने 'हो'वर ठसठशीत खूण केली. आपल्याबद्दल कुणी काही सांगणार असेल तर नको कशाला म्हणायचं?

पाच आठवड्यांनी फोन आला. नळ्यांचा काहीतरी घोळ झालेला दिसतो, तुमच्या आणि बहिणीच्या नळीची अदलाबदल झाली असावी, कृपया परत या. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे आता रक्तसुद्धा धाकटीच्याच नावावर. तिने घरी सांगितलं तेव्हा आई हातातलं काम टाकून म्हणाली, "अगं बाई, धाकटीला परत टोचणार की काय?"

दुसऱ्या वेळी नर्सने नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवेपर्यंत थोरलीने तिच्यावरची नजर हलवली नाही. वर ती चिठ्ठी मोठ्याने वाचूनही घेतली.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत बोलावून दार लावलं.

"अदलाबदल झालीच नव्हती," त्या म्हणाल्या. "पहिलं रक्तही तुमचंच होतं. बहिणीच्या जनुकात जो दोष आहे, तोच तुमच्यात आहे. तिथेच आणि तसाच."

"मग मी चालते कशी?"

"तेच आम्हाला कळत नाहीये. हिशोबाने तुम्ही वीस वर्षांपूर्वीच अडखळायला हवं होतं. तुमच्यात दुसरं काहीतरी आहे, जे त्या दोषाला अडवून धरतंय. ते काय आहे हे सापडलं, तर औषध कुठे शोधायचं ते कळेल. मी वचन देत नाही. पण अशी माणसं फार कमी सापडतात."

"पुढे मला होईल का?"

"या वयापर्यंत झालं नाही, म्हणजे बहुतेक नाही. पण खात्रीने मी सांगू शकत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. बाई घाबरली असेल असं त्यांना वाटलं. घाबरली होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिला आनंद झाला होता. अशी माणसं फार कमी सापडतात, हे वाक्य ती घरी पोचेपर्यंत मनात घोळवत होती.

पुढचे आठ दिवस तिची चैन होती. आई तिला खुर्ची ओढून द्यायची. "पाय भरून येतात का ग?" असं विचारायची. शेजारणींना सांगताना आता आधी थोरलीचं नाव निघायचं. धाकटी मात्र खोलीचं दार लोटून घ्यायला लागली. थोरलीला ते दिसत होतं. बसू दे जरा, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

थोरलीच्या चालण्याची तपासणी ठरली, आणि त्याच दिवशी मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून घ्यायचा होता. धाकटी म्हणाली, मीही येणार. ती बाकावर बसली आणि आईने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

थोरली पिवळ्या पट्टीवर उभी राहिली. डॉक्टरीणबाई होत्या, त्यांचे तीन विद्यार्थी वह्या घेऊन उभे होते, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर होत्या. घड्याळवाल्याने खूण केली आणि ती सुटली.

"छान चाललंय. पाच मिनिटं राहिली."

अकरा वर्षं दुसरीसाठी ऐकलेलं वाक्य आज तिचं होतं. तिला पंख फुटले. धाकटीची मागच्या खेपेची सहा मिनिटांची चाल एकशे नव्वद मीटर होती. थोरलीने ती दोन मिनिटांतच मागे टाकली. तो आकडा तिला पाठ होता, आणि बाकावरून खुणा मोजणारीलाही पाठ होता.

चार मिनिटं झाल्यावर बाकासमोरून जाताना तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत नव्हती, पावलांकडे बघत होती. ओठ आवळलेले, नखं पिशवीच्या बंदात. थोरलीला ते बघणं ओळखीचं वाटलं. त्याच बाकावर, त्याच पिशवीसकट, ती स्वतः अकरा वर्षं तसंच बघत आली होती. फक्त तिने हेवा केला तो कौतुकाचा. धाकटीला हेवा वाटत होता पाऊल उचललं जाण्याचा. थोरलीची चाल मंदावली.

"हातचं राखून चालू नकोस, ताई," धाकटी म्हणाली.

घड्याळवाल्याने तोंडावर बोट ठेवलं. धाकटी थांबली नाही.

"अख्ख्या घरात एक आजार तेवढा माझा स्वतःचा होता. त्यातही वाटा घेतलास. घेतलायस ना, मग आता नीट चाल."

थोरली चालली. उरलेलं दीड मिनिट ती आयुष्यात कधी चालली नव्हती तशी चालली, आणि या वेळी कुणी तिच्याकडे बघतंय की नाही हे तिने पाहिलं नाही.

सहाशे पस्तीस मीटर झाले. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही दोन वाजवल्या, मग बाकाकडे पाहून हात आवरले.

धाकटीने पिशवीतून बाटली काढली. तिच्या बोटांनी झाकण फिरत नसे, बाटली नेहमी थोरलीच उघडून द्यायची. आताही सवयीने तिचा हात पुढे गेला. धाकटीने बाटली मागे घेतली, झाकण दाढेत धरलं आणि दोन्ही तळव्यांनी बाटली फिरवायला लागली. बराच वेळ लागला. डॉक्टरीणबाई संमतीचा कागद घेऊन उभ्या होत्या, त्याही थांबल्या. कुणी मदतीला गेलं नाही. शेवटी झाकण निघालं, तेव्हा निम्मं पाणी स्वेटरवर सांडलं.

"घे," धाकटी म्हणाली.

थोरली उरलेलं सगळं पाणी प्यायली. मग तिने कागद घेऊन सही केली.

"कुठल्या मांडीतून काढणार?" तिने विचारलं.

"कुठल्याही. दुखेल थोडं, आठवडाभर लंगडाल."

"मग दोन्हींतून घ्या. एकात नाही सापडलं तर दुसऱ्यात सापडेल."

"तसं नसतं हो ते, एक पुरतो आम्हाला."

"तरी घ्या."

धाकटी स्वेटरवरचं पाणी तळव्याने पुसत होती. तिने वर पाहिलं नाही.

"बघितलंत?" ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आता हिला लंगडायचंसुद्धा माझ्यापेक्षा जास्त आहे."