देखाव्याची खोली

रामकिसनची बाज ओसरीवर आली, ती थर्माकोलच्या देवळामुळं.

ढोकीतलं त्यांचं घर तसं ऐसपैस होतं. पण उगवतीकडची खोली रामकिसननं स्वतः विटा वाहून बांधलेली, आणि बायको धुरपदाबाई गेल्यावरही तो तिथंच झोपायचा. धुरपदाबाई होती तोवर महालक्ष्म्यांचं सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावायचं. सण झाला की ती पितळी मुखवटे चिंचेनं घासायची, जुन्या मऊ धोतरात गुंडाळायची आणि पेटी बाजेखाली सारायची. संपला विषय.

त्यांचा एकुलता एक मुलगा रणधीर. त्याचं सिमेंट-लोखंडाचं दुकान होतं. ग्रामपंचायतीला दोनदा पडल्यावर त्याची देवभक्ती एकदम वाढली. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की दारात मांडव, मांडवावर हात जोडलेला स्वतःचा फोटो आणि आत देखावा. एका वर्षी थर्माकोलचं देऊळ झालं, दुसऱ्या वर्षी मोटार लावलेला धबधबा. पुढारी यायचे, शाल घ्यायचे, फोटो काढायचे आणि गाडीत बसायचे. महालक्ष्म्यांकडं बघायला कुणाला सवड नसायची. त्या विजेच्या माळांत कुठं उभ्या आहेत, ते शोधावं लागायचं.

सण तीन दिवसांचा, सामान मात्र वर्षभराचं. आधी ते माळ्यावर गेलं, मग जिन्याखाली. देऊळ कुठंच मावेना, तेव्हा सून आरोही सासऱ्याला लाडानं म्हणाली, "मामा, खोलीत तुम्हाला कोंडल्यासारखं होतं ना? ओसरीवर वारं लई छान लागतं."

रामकिसनला कोंडल्यासारखं कधीच झालं नव्हतं. तरी तो "व्हय" म्हणाला. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या वजनावरून भांडणारा हा माणूस, पण पोराच्या आणि सुनेच्या पुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

खोलीत भिंतभर मांडण्या आल्या. पारदर्शक डबे आले. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या: फुलं पिवळी, फुलं गुलाबी, माळा लुकलुकणाऱ्या, माळा साध्या. वायरचा गुंता होऊ नये म्हणून प्रत्येक माळ पुठ्ठ्याला गुंडाळलेली. आरोहीनं त्याचा व्हिडिओ करून टाकला, 'सणाचं सामान वर्षभर नव्यासारखं कसं ठेवावं'. लोकांनी अंगठे दाखवून वाहवा केली. पावसाळ्यात फुलांना ओल लागू नये म्हणून खोलीत पंखा चालू असायचा. ओसरीवर मात्र झड आत यायची. रामकिसन वाकळ अंगाभोवती आवळून भिंतीकडं सरकायचा. भादवा सरता सरता त्याला खोकला जडला.

नवरात्राच्या तोंडावर बेंबळीहून त्याची थोरली बहीण गिरिजाबाई आली, दसरा काढू लागायला. आमच्याकडं दसरा काढणं म्हणजे घरातलं चिंधूक न् चिंधूक धुणं. गिरिजाबाईनं हौदावर वाकळा आपटल्या, भांडी घासली आणि पदर खोचून त्या खोलीपुढं आली. दाराला कुलूप.

"आरोही, किल्ली दे गं."

"आत्या, ती खोली नको. स्वच्छच आहे ती. उगं धूळ जाईल."

"मग ह्याची बाज बाहीर कामून?"

"मामांनाच आवडतं बाहेर."

गिरिजाबाईनं भावाकडं बघितलं. भाऊ खोकत होता. खोकला थांबला, तसा तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसला.

"दे किल्ली," गिरिजाबाई पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण आरोहीनं मुकाट किल्ली दिली.

दार उघडलं. आत पंखा गरगरत होता. यंदाचा देखावा होता 'आमचा बळीराजा'. त्यातला फायबरचा म्हातारा शेतकरी, धोतर, फेटा, खांद्यावर नांगर, प्लास्टिकच्या फुगेवाल्या कागदात नीट गुंडाळून पंख्याखाली उभा केला होता. पायाशी गादीचा तुकडा, रंग खरवडू नये म्हणून. जिथं रामकिसनची बाज असायची, बरोबर तिथं.

गिरिजाबाई त्याला वर-खाली न्याहाळत राहिली.

"बाई, बाई! किती जपलंय ह्याला," ती म्हणाली. "ह्याला खोकला नसंल झाला."

मग तिनं त्या बळीराजाच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला फरफटत अंगणात आणला.

आरोही ओरडली, "आत्या, भाड्याचा नाही तो, इकत घेतलाय!"

"तर मग तुझ्या खोलीत निजव."

एकेक डबा बाहेर यायला लागला. पिवळी फुलं, गुलाबी फुलं, थर्माकोलचे खांब. शेजारपाजारच्या बाया हातातली धुणी टाकून कुंपणाशी आल्या. आरोहीनं रणधीरला फोन लावला आणि तो गाडी उडवत आला.

"आत्या, हे काय लावलंय? चार लोकांत आमची इज्जत काढता व्हय?"

"इज्जत डब्यात ठिवली आसंल तर बघ बाबा, म्या काय फोडलं न्हाय."

कुंपणाशी जमलेल्या बाया हसल्या. रणधीर बापाकडं वळला. "अण्णा, तुम्ही सांगा ना ह्यांना. तुम्हीच म्हणला होता ना, ओसरी बरी?"

रामकिसन उठला. आता हा पुन्हा 'व्हय' म्हणणार, असं गिरिजाबाईलाही वाटलं. त्यानं बाजेवरची वाकळ काढून खांद्यावर टाकली. बाज आडवी केली, पाठीवर घेतली आणि पोराच्या अंगावरून चालत खोलीत नेली. धापा टाकत दारात येऊन उभा राहिला.

"म्या खोटं बोललो," तो म्हणाला. "तुला बरं वाटावं म्हणून. पण तू इतका हलका निघशील, आसं न्हाय वाटलं मला."

रणधीरचा चेहरा लाल झाला. क्षणभर तो खरंच ओशाळलासा दिसला. पण त्यानं कुंपणाकडं बघितलं, गर्दी मोजली आणि त्याच्यातला पुढारी जागा झाला. खिशातून मोबाइल काढून तो अंगणातल्या ढिगापुढं उभा राहिला.

"नमस्कार मित्रांनो! आज आमच्या वडिलांच्या इच्छेखातर हे सगळं सजावटीचं साहित्य आम्ही गावातल्या नवरात्र मंडळांना अर्पण करतोय." एका हातानं त्यानं बापाचा खांदा ओढला. "अण्णा, दोन शब्द बोला."

रामकिसननं मोबाइलकडं बघितलं, मग पोराच्या तोंडाकडं. बाजारात नासकी भाजी उचलून परत खाली टाकावी, तसा त्यानं तो हात खांद्यावरून काढून टाकला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रणधीरनं तेवढा भाग कापून बाकीचा व्हिडिओ टाकला. लोकांनी त्याला दानशूर म्हटलं. मंडळाची पोरं येऊन माळा आणि फुलं घेऊन गेली. बळीराजा कुणाला नको होता. त्याला ट्रॅक्टरच्या शेडमध्ये उभा केला, आणि आठवड्यात कोंबड्यांनी त्याच्या फेट्यावर घाण केली. गिरिजाबाईनं बेंबळीला नातवाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ बघितला. "थू," म्हणाली आणि निवडायला घेतलेली डाळ पुढं ओढली.

रामकिसनचा खोकला हळूहळू उतरला. रणधीरशी तो कामापुरतं बोलायचा. राग नव्हता. राग धरावा इतकं त्या पोरात काही आहे, असंच त्याला आता वाटत नव्हतं. धुरपदाबाईला हे बघावं लागलं नाही, याचं त्याला पहिल्यांदा बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

दिवाळी झाली. पाडव्यानंतर आरोही आकाशकंदिलाची खोकी कडेवर घेऊन दारात आली.

"मामा, दोनच आहेत. कोपऱ्यात ठिवते. तुम्हाला काही अडचण न्हाय ना?"

"हाय," रामकिसन म्हणाला.

ती थांबून राहिली. पुढं काही तरी येईल, असं तिला वाटलं असावं. रामकिसननं पंखा बारीक केला आणि कुशीवर वळला.

आरोही खोकी घेऊन ओसरीवर आली. तिथं आता भरपूर जागा होती.