कपाटात कोंडलेली पाण्याची चावी

मित्रांनो, चावी म्हटलं की तुम्हाला खिशात मावणारी, किणकिणणारी चावी आठवत असेल. मी तसली नाजूक नव्हे. मी माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच लोखंडी दांडी आहे. वर धरायला आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. जमिनीखालच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह माझ्यानं फिरतात. मी जुनी आहे, गंजले आहे आणि खरं सांगायचं तर तोंडानं फटकळही झाले आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा, बाबांनो.

माझा जन्म आटपाडीत, हाफिजचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. तेव्हा आमच्या वाडीला उपसा योजनेचं पाणी नुकतंच आलं होतं. ज्या माळावर मेंढरं दगड चाटत फिरायची, तिथं पाइपलाइन पडली. वाडीनं पाणीवाटप संस्था काढली आणि नानासोंना अध्यक्ष केलं. हाफिजचाचांनी ट्रकचा जुना ॲक्सल कापला, तापवला, ठोकला आणि मला घडवलं. "नानासो, ही तुमच्या नातवंडांच्या लग्नापत्तूर टिकंल बगा," असं म्हणून त्यांनी माझ्यावर तेलाचं फडकं फिरवलं. तेवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

पहिल्याच सभेत नानासोंनी मला अर्जुनाच्या हातात दिलं. अर्जुना आमचा पाटकरी, म्हणजे ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या रानात सोडणारा माणूस. सगळ्यांसमोर नानासो म्हणाले, "पाळी मी लावणार, चावी तू फिरवणार. पाळी मोडलीस तर जाब मी घेणार. पण वेळेला मी न्हाई गावलो तर तुझ्या अकलेनं कर. निस्तरायला मी हाय."

मित्रांनो, हे शेवटचं वाक्य मोठं होतं. नानासो काही लोण्याचा गोळा नव्हते. अर्जुना एकदा तासभर उशिरा आला, तर भर चावडीत त्यांनी त्याची अशी काही खरडपट्टी काढली की मलासुद्धा लाज वाटली. पण दुसऱ्या कुणी अर्जुनाला बोललेलं त्यांना खपायचं नाही. त्यांचा सख्खा मेव्हणा पाळी सोडून पाणी मागायला आला, तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं, "चावी त्याच्याकडं हाय, त्याला इचार." अर्जुनानं नाही म्हटलं. मेव्हणा सहा महिने नानासोंच्या घरी जेवला नाही. नानासोंना त्याचं काही वाटलं नाही.

आमच्या वाडीची पाळी शेपटाकडून सुरू व्हायची. पाइपलाइनच्या टोकाच्या रानाला आधी पाणी, मग मागं मागं येत माथ्याला. माथ्यावाल्यानं आधी ढोसलं तर शेपटाला नुसता वारा येतो, हे वाडीनं पहिल्याच वर्षी बघितलं होतं. अगदी शेपटाला तानुबाईचं रान. अर्जुना मला तिच्या व्हॉल्व्हवर बसवून फिरवायचा आणि थांबायचा. लांबून तानुबाईची हाक यायची, "पोचलं रं, अर्जुना!" त्या हाकेशिवाय मला उचलायचं नाही, असा दंडकच होता. काय सांगू, त्या हाकेनं माझं लोखंड सुखावायचं.

तानुबाईचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि पाण्याच्या मुलखात उतरायचं, ते मिरगाला परतायचं. पाण्याचा भरवसा पटला तसं तिनं चारशे डाळिंबं लावली आणि शपथ घातली, आता घोड्यावर बिऱ्हाड नाही. लेक रविराज अजून मेंढरांमागं होता. "पयला बहार घरात आला की तूबी ये. मेंढरं इकून टाकू, एका जाग्याला ऱ्हाऊ," असं तिनं त्याला सांगितलं होतं. चार वर्षं ती त्या पहिल्या बहाराची वाट बघत होती.

मधल्या काळात नानासो थकले आणि वाडीतलाच इंद्रजित अध्यक्ष झाला. शिकलेला, नेटका पोरगा. चोर नव्हता, आळशी नव्हता. त्यानं कार्यालयाला काचेची केबिन केली, दारावर पाटी लावली आणि वयानं बापाएवढ्या अर्जुनाला सगळ्यांदेखत "ए अर्जुना" म्हणू लागला. ज्याला कडेवर घेऊन रानं दाखवली त्याला अर्जुना "साहेब" म्हणू लागला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग एकदा भर दुपारी पाइप फुटला. पाणी धबधब वाहत होतं. अर्जुना पळत आला आणि त्यानं मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. बरोबर केलं ना? पण विचारलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी इंद्रजितनं त्याच्या हातात कागद ठेवला. परवानगीविना व्हॉल्व्ह हाताळल्याबद्दल समज देण्यात येत आहे. पुन्हा घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल.

"साहेब, पाणी वाया चाललं हुतं," अर्जुना म्हणाला.

"जाऊ दे वाया. आधी मला फोन करायचा. संस्था अशी चालत नाही," इंद्रजित म्हणाला.

अर्जुनानं सही केली. त्याच दिवशी मला कार्यालयातल्या लोखंडी कपाटात उभं केलं गेलं. कपाटाची चावी इंद्रजितच्या खिशात. पाळी आली की अर्जुनानं अर्ज करायचा, साहेबांनी सही करायची, मग कपाट उघडायचं. एका चावीला दुसऱ्या चावीनं कोंडलं. हसायचं तर हसा, मला काही हसू आलं नाही.

जानेवारी आला. डाळिंबाचं एक तंत्र असतं, मित्रांनो. बहार धरायचा म्हणजे झाडाला मुद्दाम तहानेलं ठेवायचं. त्याला ताण देणं म्हणतात. पानं गाळायची आणि मग नेमक्या वेळी पहिलं पाणी द्यायचं. की झाड फुलांनी लगडतं. पण ते पाणी चुकलं तर कळी तिथल्या तिथं करपते. तानुबाईनं पाळीची तारीख बघून झाडं उघडी केली होती. चारशे झाडं पानं टाकून नुसती काड्या होऊन उभी होती.

ठरल्या दिवशी मुख्य पाइपला पाणी आलं. आमच्या वाडीला चार दिवस, मग पुढच्या गावाला. आणि साहेब होते पाचगणीला. नेतृत्व शिबिराला! फोन शिबिरात जमा. खिशातली चावी खिशातच.

तानुबाई कार्यालयात आली. तिथं कारकून शिवांजली आणि अर्जुना, दोघंच. मी कपाटात, पत्र्याआड, सगळं ऐकत होते.

"अर्जुना, पाणी आलंय न्हवं? मग माझं का सुटंना?"

"आक्का, चावी कपाटात हाय. साहेबांचा फोन लागंना."

"मग फोड की कपाट!"

शिवांजली अर्जुनाला हळूच म्हणाली, "तात्या, फोडा. मी चहाला गेले होते म्हणून सांगते."

"आन् माझा कागद? त्यावर माजी सही हाय, पोरी."

तानुबाईनं कपाटावर थाप मारली. मी आत हादरले. तिचा हात आणि मी, मध्ये नखाएवढा पत्रा. दुसऱ्या दिवशी ती हाफिजचाचांना घेऊन आली. चाचा आता ऐंशीला टेकलेत. म्हणाले, "अर्जुना, तासाभरात दुसरी करून देतो. तेवढं हो म्हण."

"बिनठरावाची चावी कशी फिरवू, चाचा? आमाला अधिकार न्हाई."

तिसऱ्या दिवशी तानुबाईनं टँकर आणला. निम्म्या ओळींची आळीसुद्धा भिजली नाहीत. अर्जुना दिवसभर फोन लावत बसला. जेवला नाही, घरी गेला नाही, पण हललाही नाही. चौथा दिवस सरला आणि पाणी पुढच्या गावाला गेलं. पुढची पाळी महिन्यानं.

पाचव्या दिवशी साहेब आले. हातात प्रमाणपत्र आणि सगळ्यांना वाटायला स्ट्रॉबेरीची खोकी. सगळं ऐकून म्हणाले, "अरेरे. पण नियमाबाहेर कुणी गेलं नाही ना? मग ठीक."

महिनाअखेरीस सभा झाली, त्याच खोलीत, आणि कपाटाच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. तोवर तानुबाईच्या कळ्या काळ्या पडून गळाल्या होत्या. ती उठली. मला वाटलं, आता ही इंद्रजितला सोलून काढणार. पण ती अर्जुनाकडं वळली.

"अर्जुना, तुला ठावं हुतं ना, झाडं जातील म्हून?"

"ठावं हुतं, आक्का. पण अधिकार न्हवता."

"पाणी सोडायला अधिकार लागतो, व्हय? मग माझी झाडं वाळवायला कुणाचा अधिकार घेतला हुतास?"

नानासो कोपऱ्यात काठी धरून बसले होते. त्यांनी इंद्रजितकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरा, चावी तू ठेवलीस. मग निस्तरायचं कुणी?" इंद्रजित कागद चाळत राहिला. मग त्यानं ठराव मांडला. अशी अडचण पुन्हा येऊ नये म्हणून दुसरी चावी करून घ्यावी. एकमतानं मंजूर. चाचांनी दुसरी करून दिली. ती माझ्या शेजारी उभी आहे. त्याच कपाटात.

मला माझाही राग येतो. लोखंडाला काय, दाराच्या आत ठेवलं काय आणि बाहेर ठेवलं काय! पण अर्जुना तर माणूस होता ना? आणि त्याच्यावर रागावले की नानासो आठवतात, आणि मग कळतं, याच माणसानं एकेकाळी अध्यक्षाच्या मेव्हण्याला नाही म्हटलं होतं. तेव्हा त्याच्या पाठीशी कुणीतरी होतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी मुख्याध्यापक, कुणी अध्यक्ष, कुणी साहेब. तुमच्याही हातात कसली ना कसली चावी येईल. खुशाल ठेवा, जाब मागा, दरडावा. पण जो कामाच्या जागी उभा आहे त्याच्या हातात ती द्या, आणि त्याचं चुकलं तर त्याच्यापुढं उभं राहायची छाती ठेवा. ती नसेल तर खुर्चीत बसू नका. आणि तुम्ही अर्जुनाच्या जागी असाल तर कपाट फोडा. कागद नंतर बघता येतो.

परवा, दिवाळी झाल्यावर, खिडकीतून घुंगरांचा आवाज आला. शिवांजली बाहेर बघून म्हणाली, "तात्या, तानुआक्का चालल्या." गुडघे धरून, काठी टेकत, साठीतली बाई बिऱ्हाड लादलेल्या घोड्यामागं निघाली होती. रविराज मेंढरं हाकत पुढं. वाडीत त्या दिवशी पाणी होतं. साहेब हजर होते, सही झाली होती, आणि अर्जुना मला घेऊन निघणार होता.

"आक्का, आज तुमची पाळी!" अर्जुना दारातून ओरडला.

तानुबाईनं मागं वळून बघितलं नाही.