रॅकवरची आजी

आमच्या ऑफिसात दोन तट आहेत, बूटवाले आणि कर्नलवाले. मध्ये एक टेबल, टेबलावर चहाचं मशीन, आणि उद्या ते मशीन बंद पडलं तरी दोन्हीकडून एकच उत्तर येणार, "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे." मी कर्नलवाली. डोकं लवकर तापतं माझं, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही मशीन चालवणारे तळहाताएवढे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवतो. ते पाण्याच्या पंपात जातात, शीतगृहाच्या दारात जातात, अंडी उबवायच्या मशीनमध्ये जातात. वीज आली की बोर्डावर आधी उठतं ते बूट फर्मवेअर, म्हणजे त्यातच भरलेला सुरुवातीचा छोटा प्रोग्राम. ते बाकीच्यांना जागं करतं, कुठे काय जोडलंय त्याचा नकाशा कर्नलच्या हातात देतं आणि बाजूला होतं. पुढचा सगळा संसार कर्नलचा, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामचा. सासू-सुनेचाच प्रकार आहे हा. सासूने किल्ल्या द्यायच्या, कुठल्या डब्यात काय आहे ते सांगायचं आणि सुनेने घर चालवायचं. फरक एवढाच की सून दर थोड्या महिन्यांनी नवी येते, कारण कर्नलचं अपडेट सर्व्हरवरून आपोआप जातं. सासू मात्र बोर्ड कारखान्यातून निघाला त्या दिवसाचीच. तिला लांबून बदलायला जावं आणि मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला. म्हणून नव्या सुनेला जुन्या सासूची भाषा यायलाच हवी. ती येते की नाही हे बघणं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा.

आता पंख्याचंच घ्या. जुन्या फर्मवेअरच्या नकाशात पंख्याचं नाव एक, नव्यात दुसरं. का बदललं? तर बूटवाल्याला जुनं नाव ओबडधोबड वाटत होतं. वा रे सौंदर्यदृष्टी! दोन्ही नावं कळावीत म्हणून मी कर्नलमध्ये चार ओळी घालून ठेवल्या होत्या. त्या चार ओळी आमच्या साहेबांच्या डोळ्यांत खुपायच्या.

"हे जुनं लचांड कुठवर गळ्यात बांधून फिरायचं?" साहेब बैठकीत म्हणाले.

"जुने बोर्ड अजून लोकांकडे चालू आहेत, साहेब."

"मग आजीला विचारा. आजी उभी राहिली की ओळी काढून टाका."

आजी म्हणजे रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यातला आमचा पहिल्या खेपेचा बोर्ड. कुठलंही अपडेट बाहेर जायच्या आधी तिच्यावर चढवायचं, ही आमच्याकडची रीत. तिचा पंखा फिरला आणि दिवा हिरवा झाला की अपडेट रवाना. आजीने मान डोलावली की पुढे कोणाचं काही चालत नाही.

मी भांड भांड भांडले. शेवटी चार ओळी काढल्या आणि कर्नल आजीवर चढवला. चहा घेऊन आले तर पंखा गरगर फिरत होता. मी तोंडावर आपटले, साहेब हसले, अपडेट निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा टेबलावर ठेवते न ठेवते तोच धाकटीचा फोन.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. शहराबाहेर तिची कोंबड्यांची शेड होती. करड्या अंगाच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या कोंबड्यांची एक जात तिने स्वतः वर्षानुवर्षं निवडून निवडून तयार केली होती. कुठली कोंबडी कुठल्या कोंबड्याबरोबर ठेवायची यावर ती इतका विचार करायची की मी म्हणायचे, "नवरा बघताना एवढी चिकित्सा केली नव्हतीस." मागच्याच आठवड्यात त्या शेडला आग लागली. एक पाखरू वाचलं नाही. वाचली ती फक्त अंडी, कारण ती पलीकडच्या खोलीत उबवायच्या मशीनमध्ये होती. आमच्या बोर्डावर चालणाऱ्या मशीनमध्ये, जे मीच तिच्या गळी उतरवलं होतं. तिच्या कोंबड्यांचा उरलासुरला वंश म्हणजे तो एक ट्रे, आणि पिल्लं बाहेर यायला अगदी थोडे दिवस उरले होते.

"ताई, मशीन गार पडलंय."

"बंद पडलंय का?"

"बंद नाही गं. दिवा हिरवा आहे. पंखा फिरत नाहीये. आत हात घातला तर गारठा लागतोय."

पंखा फिरत नसेल तर हीटर लागत नाही. लागला तर आतलं सगळं करपेल, म्हणून आम्हीच तशी सोय करून ठेवली आहे. मी समोरच्या स्क्रीनवर बघितलं. धाकटीच्या मशीनपुढे हिरवा ठिपका आणि लिहिलेलं, ‘अपडेट यशस्वी’. वर रॅककडे बघितलं. तेच अपडेट घेऊन आजी झकास चालली होती.

मग मी म्हणू नये ते म्हणाले. "तुझ्याकडचीच वायर सैल झाली असेल. आगीच्या गडबडीत ओढली गेली असेल."

"ह्यांनी सगळ्या वायरी तपासल्या."

"पुन्हा तपासायला सांग."

"ताई, माझी अंडी गार पडतायत, आणि तू मला माझ्या वायरी शिकवतेस?" फोन ठेवला तिने.

मी बूटवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "आमच्या बाजूने ठीक आहे. आजी बघ की." साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "शेकडो मशीन हिरवी आहेत. एक तक्रार आली, तीही तुझ्या घरातली, म्हणून तू हळवी झाली आहेस." हळवी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे बहीण गारठलेल्या अंड्यांवर हात ठेवून बसलेली, आणि इथे मला आजी दाखवतायत.

बरं, आजी तर आजी. मी खुर्चीवर चढले, आजीला लॅपटॉप जोडला, तिची वीज काढली, परत दिली आणि सवयीने चहा आणायला वळले. आजीला उठायला वेळ लागतो. पहिल्यापासून माझा हा हिशेब ठरलेला, की आजी सुरू करायची आणि चहा घेऊन यायचं. त्या दिवशी मी कपाला हात लावायच्या आत मागे पंख्याचा आवाज आला.

मी वळून बघितलं. एवढ्या लवकर?

सुरू होताना बोर्ड ज्या ओळी लिहितो त्यातल्या पहिल्या ओळी कोणी वाचत नाही. मी वाचल्या. आजीतल्या फर्मवेअरची तारीख याच वर्षातली होती.

"आजीला हात कोणी लावला?" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या खोलीतला हिशेबनीस दारात आला.

बूटवाला कपात बघत म्हणाला, "अगं, फार ताटकळत ठेवायची ती. दिवसातून दहादा सुरू करायची आणि दहादा वाट बघत बसायचं. म्हणून नवं फर्मवेअर घातलं. तिचं भलंच केलं की!"

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

म्हणजे बघा. अंग जुनं, कप्पा जुना, नाव आजी, आणि आतली सासू कोरी करकरीत! नवी सून आणि नवी सासू, भांडण होणार कशाला? बाहेर खऱ्या जुन्या बोर्डांवर कर्नल उठत होता, पंख्याचं जुनं नाव ऐकून खांदे उडवत होता आणि गुमान पुढे जात होता. तो उठलाच नसता तर बरं झालं असतं. मग बोर्ड आपोआप आधीच्या कर्नलवर परतला असता. पण हा उठला, आणि सर्व्हरला तेवढंच कळतं. म्हणून हिरवा ठिपका. धड मेलं नाही, धड जगलं नाही.

"अरे गाढवा, तिचं म्हातारपण हेच तिचं काम होतं!" मी म्हणाले.

चार ओळी परत घातल्या. कर्नल तयार झाला. साहेब म्हणाले, "आता दोघांची मंजुरी, मग टप्प्याटप्प्याने सोडू. उद्यापर्यंत जाईल."

"उद्यापर्यंत अंडी दगड होतील."

"नियम म्हणजे नियम."

"निदान ज्यांच्याकडे जुने बोर्ड आहेत त्यांना तरी कळवा."

"गाजावाजा नको. पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त करू."

"साहेब, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

"कोंबड्यांचं मग बघू," साहेब म्हणाले. काय बोलायचं अशा माणसाशी? मी कर्नल पेन ड्राइव्हवर घेतला, स्कूटरची किल्ली उचलली आणि निघाले. मंजुरी मागून मिळत बसली असती.

धाकटीच्या खोलीचं दार ढकललं तेव्हा तिने वरसुद्धा बघितलं नाही. मशीनला घरातल्या सगळ्या गोधड्या गुंडाळल्या होत्या. तिचा नवरा स्टोव्हवर पाणी तापवत होता आणि ती ते बाटल्यांत भरून ट्रेच्या खाली-वर सरकवत होती. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. खोलीत अजून जळक्या लाकडाचा वास येत होता.

"सरक जरा," मी म्हणाले. ती सरकली.

पेन ड्राइव्ह लावला, कर्नल चढवला, वीज काढून परत दिली. काहीच होईना. मग आठवलं, ही खरी जुनी आहे, हिला वेळ लागणार. आयुष्यभर ज्या वेळात मी निवांत चहा आणला त्या वेळात त्या दिवशी माझा जीव खालीवर झाला. धाकटी माझ्याकडे बघत होती, तिचा नवरा स्टोव्हकडे.

"ऊठ गं बाई," मी बोर्डाला म्हणाले.

पंखा आधी कुरकुरला, मग फिरला. हीटरचा दिवा लागला. धाकटी होती तिथेच जमिनीवर बसली.

थोड्या वेळाने तिने टॉर्च घेतला आणि एकेक अंडं त्यावर धरून बघायला लागली. काहींत हालचाल होती. काही तिने नुसतीच बाजूला ठेवली. किती, ते मी विचारलं नाही.

मला वाटलं, काहीतरी करावं हिच्यासाठी. "आलेच आहे तर फर्मवेअरही नवं घालून देते," मी म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे. परत कधी हा ताप नको."

तिने माझं मनगट धरलं. हात अजून गरम होता. "आता चालू आहे ना?"

"आहे."

"मग हात काढ."

मी हात काढला. मीही भलंच करायला निघाले होते की! त्या बूटवाल्याच्या आणि माझ्या अकलेत त्या क्षणी काडीचा फरक नव्हता.

"वायरीचं बोलले ते चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलंच," ती म्हणाली आणि परत पाणी तापवायला उठली. मशीन चालू झालं होतं, तरी तिचा विश्वास बसत नव्हता.

पिल्लं बाहेर आल्याचं मला तिच्या नवऱ्याने कळवलं. नऊ. ट्रे भरून अंडी होती, त्यातली नऊ. नुसत्या कोंबड्या निघाल्या तरी वंश खुंटला, नुसते कोंबडे निघाले तरी खुंटला, आणि पिसं धड फुटेपर्यंत काही कळणार नव्हतं. मी फोन करायचे, ती "बरं आहे" म्हणायची आणि ठेवायची. स्वतःहून तिने एकदाही केला नाही.

इकडे ऑफिसात मी साहेबांच्या उरावर बसून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना खरं काय ते कळवायला लावलं. बत्तीस ठिकाणी पंखे बंद होते. पण आजी काही परत म्हातारी होईना. जुन्या फर्मवेअरची फाइल बूटवाल्यांनी साफसफाईत उडवलेली, आणि आपल्या चालत्या मशीनमधला बोर्ड काढून कोण देणार? दारोदार विचारलं. लोकांनी हात जोडले.

दोन-अडीच महिने गेले आणि बैठकीत साहेब परत म्हणाले, "त्या चार ओळी आता काढायला हरकत नाही. आजीवर सगळं—"

भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. धाकटी.

मी उचलला. हॅलो नाही, काही नाही. पलीकडून चिरका, मध्येच तुटणारा, दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज आला. मग परत एकदा. मी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. तिसऱ्या वेळेला तो जरा लांब खेचला गेला, आणि साहेबांसकट सगळ्यांना कळलं की कोंबडा आरवतोय.

"ऐकलंस?" धाकटी म्हणाली.

"ऐकलं."

"आवाज अजून फुटायचाय मेल्याचा. पण सकाळपासून थांबत नाहीये. आणि ताई, पाच कोंबड्या आहेत. ठिपक्यांच्या." मग एका दमात म्हणाली, "मशीन सध्या रिकामं आहे. त्यातला बोर्ड काढून पाठवते ह्यांच्याबरोबर. लावा तुमच्या रॅकवर. मशीन मला लागेल तेव्हा नवा बोर्ड दे, पण हा तसाच ठेवा. हळू उठतो म्हणून कोणी हात लावला ना, तर मी स्वतः येईन तिकडे."

चार ओळी काढायचं ते वाक्य साहेबांनी पुरं केलं नाही.

संध्याकाळी तिचा नवरा बोर्ड घेऊन आला. फडक्यात गुंडाळलेला, कोपऱ्यात एक करडं पीस अडकलेलं. मी ते काढलं नाही. आधीच्या आजीला खालच्या कप्प्यात उतरवलं, हिला वर बसवलं आणि वीज दिली. दिवा नाही, पंखा नाही. आम्ही सगळे माना वर करून उभे होतो.

बूटवाला थोडा वेळ चुळबुळला. मग हळूच म्हणाला, "तोवर चहा घेऊन येऊ का?"

"आण," मी म्हणाले. "पाव्हण्यांनाही आण."