सौंसरचे युरोपियन

प्रभाकर सरांनी नागपूरपलीकडच्या सौंसरच्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. उंच आणि बुटक्या वाटाण्याच्या जोरावर दोन पिढ्यांना आनुवंशिकता समजावली. त्यामुळे या विषयात आपल्याला कोणी अक्कल शिकवू नये, असं त्यांचं मत. "आणि तिथंच गाढव फसलं," असं आता ते स्वतःच हसत सांगतात.

सरांचे वडील नत्थूजी प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेले. काकांनाही तोच निघाला. तेव्हापासून लघवीला दोनदा जावं लागलं तरी सरांना घाम फुटायचा. पण डॉक्टरकडे जायची तयारी नव्हती. ती तपासणी बोटानं करतात हे त्यांनी वाचलं होतं. शिवाय गावातला डॉक्टर अमित हा त्यांचाच विद्यार्थी. ज्याला आपण वर्गात कान धरून मुर्गा बनवलं, तोच आपल्याला कुशीवर झोपवणार, ही कल्पनाच सोसेना.

म्हणून पुण्याहून मुलीनं, मृणालनं, थुंकीवरून जनुकं तपासणारी किट पाठवली तेव्हा सरांना देवच पावला. डबीत थुंकले, कुरिअर केलं, निश्चिंत झाले.

मोबाइलवर अहवाल आला. टक्कल पडण्याची शक्यता, दूध पचण्याची शक्यता, सगळं होतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरपुढे मात्र लिहिलं होतं, 'हा अंदाज फक्त युरोपीय वंशाच्या व्यक्तींसाठी उपलब्ध.'

"म्हणजे टक्कल मोजता येते अन् कॅन्सर नाई?" सर भडकले.

बायको अलका मेथी निवडत होती. "तुमी त्यायच्या मापाचे नसान जी."

सरांना ते लागलं. आपली आजी घाऱ्या डोळ्यांची होती, हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं. त्यांनी हळूच आपल्या माहितीत 'भारतीय' खोडून 'युरोपीय' केलं. लगेच उत्तर आलं, 'जोखीम सरासरीपेक्षा कमी.'

सर जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडायला गेले. तसेच पुढे बोरगावला चुलतभावाकडे गेले. त्या काकांचाच मुलगा, भैय्याजी. त्यांना काही महिन्यांपासून लघवीचा त्रास होता आणि ते नागपूरला जायच्या बेतात होते.

"काई गरज नाई भैय्याजी," सर म्हणाले. "आपल्या खानदानात जोखीम कमी हाय. म्या तपासलं."

मास्तर सांगून राहिला म्हटल्यावर भैय्याजींनी नागपूर रद्द केलं.

किटचं खातं मृणालच्याच नावावर होतं; पुढच्या आठवड्यात अहवाल बघून तिचा फोन आला. "बाबा, तुम्ही युरोपियन कधी झालात?"

सरांनी घाऱ्या डोळ्यांचं सांगितलं. ती आधी हसली, मग गंभीर झाली. "अहो, तो अंदाज तिकडच्या लाखो लोकांची जनुकं बघून बांधलाय. आपल्यासारखे त्यात जवळजवळ नाहीतच. आपल्याला तो किती लागू पडतो, हे त्यांनाही ठाऊक नाही. तुमच्यासाठी आकडा नाही, म्हणजे धोका नाही असं होत नाही. आजोबा आणि काकाआजोबा, दोघांना झालाय. तपासून घ्या."

सरांना भैय्याजी आठवले आणि पायाखालची जमीन सरकली. आपली फजिती आपल्यापुरती असती तर पचली असती. त्यांनी स्कूटर काढली आणि थेट बोरगाव गाठलं.

"भैय्याजी, म्या मूर्खपणा केला. चाला, आत्ताच."

"अबे, तूच तं म्हणे कमी हाय!"

"ते दुसऱ्याचं होतं. आपलं अजून कोणी काढलंच नाई."

अमितच्या दवाखान्यात सर आधी झोपले, भैय्याजींना धीर यावा म्हणून. अमितनं पडदा ओढला. "सर, श्वास सोडा," एवढंच म्हणाला. दोन मिनिटांत झालं. ज्याच्या भीतीनं माणूस युरोपियन झाला, ते एवढंच होतं!

सरांचं सगळं ठीक निघालं. भैय्याजींच्या रक्तातला प्रोस्टेटचा आकडा मात्र वाढलेला आला. नागपूरला ग्रंथीचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. पण अजून ग्रंथीबाहेर गेला नव्हता. ऑपरेशन झालं.

तिथंच एक डॉक्टरीणबाई इकडच्या घराण्यांचं रक्त अभ्यासासाठी गोळा करत होत्या. सरांनी बाही वर केली.

"मग माझा आकडा कधी मिळेल?"

"तुमचा नाही, सर. झालं तर नातवंडांना."

सर खाटेशी आले. भैय्याजी जागे होते.

"तुया भरवशावर राहिलो असतो तं गेलो असतो ना बे," ते म्हणाले.

"गेले असते," सर म्हणाले आणि त्यांच्या उशाशी बसून संत्रं सोलू लागले.